शोधनिबंध

शोधनिबंध हा एखाद्या निश्चित प्रश्नावर केलेल्या मूळ संशोधनाचा पुरावा, पद्धत आणि निष्कर्ष अभ्यासकांपुढे तपासणीसाठी मांडणारा लेखनप्रकार आहे. तो सामान्यतः संशोधन पत्रिकेत प्रसिद्ध होतो किंवा परिषदेत वाचला जातो. लेखकाने काय शोधले यासोबतच ते कसे शोधले आणि कोणत्या आधारावर मांडले, हे वाचकाला पडताळून पाहता यावे, ही या लेखनप्रकाराची मुख्य अट आहे. शीर्षक, सारांश, प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा आणि संदर्भसूची ही त्याची रूढ अंगे याच अटीतून घडत गेली आहेत.

## स्वरूप

शोधनिबंध आणि शोधप्रबंध या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. परंतु त्यांत फरक आहे. शोधप्रबंध हा पीएच.डी.सारख्या पदवीसाठी विद्यापीठाला सादर केलेला, अनेक प्रकरणांचा विस्तृत ग्रंथ असतो. शोधनिबंध त्या मानाने आटोपशीर असून साधारणपणे एकाच प्रश्नाभोवती फिरतो. एका प्रबंधातून दोन-तीन स्वतंत्र शोधनिबंध निघू शकतात.

वैचारिक लेख किंवा ललित निबंध यांपासूनही शोधनिबंध वेगळा आहे. वैचारिक लेखात लेखकाचे मत आणि त्याचा युक्तिवाद पुरेसा ठरू शकतो. शोधनिबंधात मात्र प्रत्येक विधानामागे निरीक्षण, दस्तऐवज, मोजमाप, गणिती सिद्धता किंवा पूर्वप्रसिद्ध संशोधन यांपैकी कोणता तरी आधार दाखवावा लागतो. केवळ उपलब्ध साहित्याचे संकलन करणाऱ्या लेखनाला शोधनिबंध म्हणत नाहीत. तथापि, एखाद्या विषयावरील सर्व संशोधनाची चिकित्सा करून त्यातील विसंगती आणि उणिवा दाखवणारा ‘आढावा निबंध’ हा मान्यताप्राप्त उपप्रकार आहे.

## इतिहास

सतराव्या शतकापर्यंत युरोपातील विद्वान आपले शोध ग्रंथांतून किंवा खासगी पत्रांतून एकमेकांना कळवत असत. जानेवारी १६६५ मध्ये पॅरिसमध्ये ‘जुर्नाल दे सावां’ आणि त्याच वर्षी मार्चमध्ये लंडन येथे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही नियतकालिके सुरू झाली. दुसऱ्या नियतकालिकाचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हे रॉयल सोसायटीचे सचिव होते. शोध प्रथम कोणी लावला याची छापील नोंद राहणे आणि तो शोध इतरांना वाचून तपासता येणे, हे दोन्ही हेतू या नियतकालिकांनी साधले. आयझॅक न्यूटन यांचा प्रकाश आणि रंग यांविषयीचा निबंध १६७२ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्येच प्रसिद्ध झाला. त्यावर अनेकांनी आक्षेप घेतले आणि न्यूटन यांना त्यांची उत्तरे द्यावी लागली.

आरंभीचे निबंध पत्राच्या किंवा प्रयोगाच्या कथनाच्या स्वरूपात असत. विसाव्या शतकात विज्ञानशाखांतील निबंध प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा अशा चार भागांत विभागले जाऊ लागले. या चार भागांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ही रचना ‘इमरॅड’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७२ मध्ये तिचा आपल्या मानकात समावेश केला.

मोठा शोध मांडण्यासाठी निबंध मोठाच असावा लागतो असे नाही. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा आपला शोध ३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात एका छोट्या टिपणाद्वारे कळवला. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा निबंधही २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये जेमतेम एका पानाचा होता.

## संशोधन प्रश्न

निबंधाची रचना प्रश्नावर अवलंबून असते. विषय आणि प्रश्न यांतील फरक स्पष्ट नसल्यास लेखन पसरट होते. ‘शेतीतील पाण्याचा प्रश्न’ हा विषय आहे. ‘ठिबक सिंचन स्वीकारल्यानंतर एखाद्या तालुक्यातील ऊस उत्पादकांचा एकूण पाणीवापर कमी होतो का, की वाचलेले पाणी वाढीव लागवडीकडे वळते?’ हा संशोधन प्रश्न आहे. दुसऱ्या मांडणीत कोणाचा अभ्यास करायचा, काय मोजायचे आणि कोणत्या दोन शक्यतांमधून निवड करायची हे ठरलेले आहे. अशा प्रश्नाचे पुराव्याने तपासता येईल असे संभाव्य उत्तर म्हणजे गृहीतक. पुरावा गृहीतकाच्या विरुद्ध गेला तरी संशोधन वाया जात नाही. तो निष्कर्षही तितकाच ग्राह्य असतो.

## रचना

### शीर्षक, सारांश आणि बीजशब्द

शीर्षकातून निबंधाचा विषय, व्याप्ती आणि शक्य असल्यास पद्धत स्पष्ट व्हावी. ‘एक अभ्यास’, ‘एक दृष्टिक्षेप’ यांसारख्या शब्दांनी शीर्षकाच्या अर्थात भर पडत नाही. स्थळ आणि काळ यांची मर्यादा असल्यास ती शीर्षकातच नोंदवणे इष्ट मानले जाते.

सारांश किंवा गोषवारा साधारणपणे १५० ते ३०० शब्दांचा असतो. त्यात प्रश्न, पद्धत, मुख्य निष्पत्ती आणि तिचा अर्थ या चार बाबी क्रमाने येतात. बहुसंख्य वाचक केवळ सारांश वाचून संपूर्ण निबंध वाचायचा की नाही हे ठरवतात. त्यामुळे ‘या निबंधात निष्कर्षांची चर्चा केली आहे’ असे मोघम वाक्य लिहिण्याऐवजी प्रत्यक्ष निष्कर्षच द्यावा लागतो. सारांशाखाली चार ते सहा बीजशब्द दिले जातात. संगणकीय शोधात निबंध सापडणे बरेचसे त्यांवर अवलंबून असते.

### प्रस्तावना आणि पूर्वसंशोधनाचा आढावा

प्रस्तावना व्यापक संदर्भाकडून विशिष्ट प्रश्नाकडे येते. त्या विषयात आतापर्यंत काय ज्ञात आहे, कोणती बाब अज्ञात किंवा वादग्रस्त आहे आणि प्रस्तुत निबंध त्यांपैकी कशाचे उत्तर शोधतो, हा तिचा क्रम असतो.

पूर्वसंशोधनाचा आढावा प्रस्तावनेतच किंवा स्वतंत्र भागात येतो. ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले’ अशी यादी करणे हा विद्यार्थ्यांच्या लेखनातील नेहमीचा दोष आहे. आढाव्यात अभ्यासांची मांडणी लेखकवार करण्यापेक्षा मुद्देवार करणे उपयुक्त ठरते. वरील उदाहरणात, ठिबकामुळे प्रत्येक शेतातील पाण्याची बचत मोजणारे अभ्यास एका गटात आणि संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हिशेब मांडणारे अभ्यास दुसऱ्या गटात ठेवल्यास दोन्हींच्या निष्कर्षांत अंतर का पडते हे दिसू लागते. संशोधनातील उणीव अशा तुलनेतूनच पुढे येते.

### संशोधन पद्धती

या भागाची कसोटी एकच असते: दुसऱ्या संशोधकाला तो वाचून तेच काम पुन्हा करता आले पाहिजे. सामाजिक पाहणीत नमुन्याची निवड कशी केली, किती जणांनी उत्तरे दिली, किती जणांनी नकार दिला, प्रश्नावली कोणत्या भाषेत होती आणि माहिती कोणत्या काळात गोळा केली हे नोंदवावे लागते. ठिबक सिंचनाच्या उदाहरणात पाणीवापर मीटरने मोजला, पंपाच्या तासांवरून काढला की शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून नोंदवला, यावर संपूर्ण निष्कर्षाची विश्वासार्हता ठरते.

ऐतिहासिक संशोधनात या भागाची जागा साधनांची चिकित्सा घेते. दस्तऐवज अस्सल आहे की नक्कल, समकालीन आहे की उत्तरकालीन आणि लिहिणाऱ्याचा हेतू कोणता होता, हे प्रश्न तेथे अटळ असतात. उदाहरणार्थ, घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिलेली बखर आणि त्या घटनेच्या दिवसांतील पत्र यांना समान वजन देता येत नाही.

### निष्पत्ती आणि चर्चा

निष्पत्तीच्या भागात जे आढळले तेवढेच नोंदवले जाते. त्याचा अन्वयार्थ चर्चेत येतो. हे दोन भाग वेगळे ठेवल्याने लेखकाचा अन्वयार्थ न पटणाऱ्या वाचकालाही मूळ माहिती हाती लागते. तक्त्यातील प्रत्येक आकडा मजकुरात पुन्हा लिहिणे टाळावे आणि मजकुराने तक्त्यातील मुख्य बाबीकडे लक्ष वेधावे, असा संकेत आहे. प्रत्येक तक्त्याला व आकृतीला क्रमांक, शीर्षक आणि मोजमापाचे एकक आवश्यक असते.

चर्चेत संशोधन प्रश्नाचे उत्तर, पूर्वीच्या अभ्यासांशी तुलना, पर्यायी स्पष्टीकरणे आणि मर्यादा यांचा समावेश होतो. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांत गल्लत होण्याचा धोका याच भागात सर्वाधिक असतो. ठिबक बसवणाऱ्या शेतकऱ्यांचे उत्पन्न अधिक आढळले, तर ते ठिबकामुळे वाढले असेल किंवा मुळात अधिक उत्पन्न असलेल्यांनाच ठिबक परवडले असेल. दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. मर्यादांचा स्पष्ट उल्लेख केल्याने निष्कर्ष कोठवर लागू होतो हे वाचकाला समजते.

समारोप थोडक्यात असतो आणि त्यात नवा पुरावा आणला जात नाही. त्यानंतर ऋणनिर्देश, अर्थसाहाय्याचा उल्लेख, संदर्भसूची आणि आवश्यक असल्यास परिशिष्टे येतात.

## मानव्यविद्यांतील रचना: एक उदाहरण

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्राच्या काही शाखांत चार भागांची चौकट जशीच्या तशी वापरली जात नाही. तेथे युक्तिवादाच्या टप्प्यांनुसार निबंधाचे भाग पडतात. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास’ हा इंग्रजी निबंध या रचनेचे ठळक उदाहरण आहे. न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात तो ९ मे १९१६ रोजी वाचला गेला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा आंबेडकर विद्यार्थी होते.

निबंधाच्या आरंभी विषयाची गुंतागुंत आणि व्याप्ती सांगितली आहे. त्यानंतर एमिल सेनार, जॉन नेसफील्ड, हर्बर्ट रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आहेत. हा पूर्वसंशोधनाचा आढावा आहे. पण तो यादी करून थांबत नाही. जातीचा विचार सुटा न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केल्याबद्दल केतकरांच्या व्याख्येला त्यात अधिक महत्त्व दिले आहे. पुढे मराठी ज्ञानकोशाचे संपादक म्हणून प्रसिद्ध झालेल्या केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि गटाबाहेर विवाहास बंदी. ही दोन्ही लक्षणे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत असे दाखवून आंबेडकर आपल्या मध्यवर्ती विधानाकडे येतात. अंतर्विवाह हेच जातीचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे, हे ते विधान होय.

पुढील टप्प्यात या विधानाचे परिणाम तपासले आहेत. गटाबाहेर विवाह न करण्याचा नियम टिकवायचा असेल, तर गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल राखावा लागतो. पती किंवा पत्नी यांच्या मृत्यूने हा तोल बिघडतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उलगडा आंबेडकर या अडचणीवर योजलेले उपाय म्हणून करतात. वेगवेगळ्या वाटणाऱ्या प्रथा एका सूत्रात बसवणारी ही मांडणी निबंधाचा गाभा आहे. त्यानंतर जातीचा प्रसार अनुकरणाने आणि बहिष्काराने कसा झाला याची चर्चा आहे. त्यासाठी गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला आहे.

अखेरीस मुख्य मुद्दे क्रमाने सारांशरूपात दिले असून, आपली मते अंतिम नाहीत आणि ती अग्राह्य ठरल्यास सोडून देण्याची तयारी आहे असे लेखकाने नमूद केले आहे. पूर्वसंशोधन, मध्यवर्ती विधान, त्याची तपासणी, प्रतिपक्षाचा विचार आणि मर्यादा ही शोधनिबंधाची सर्व अंगे येथे स्वतंत्र मथळ्यांशिवायही ओळखता येतात.

## लेखनाची प्रक्रिया

निबंध ज्या क्रमाने वाचला जातो त्याच क्रमाने लिहावा लागत नाही. प्रयोगाधारित विषयांत अनेक संशोधक प्रथम तक्ते व आकृत्या तयार करतात, नंतर पद्धती आणि निष्पत्ती लिहितात, त्यानंतर चर्चा व प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी सारांश व शीर्षक निश्चित करतात. वाचन सुरू असतानाच प्रत्येक टिपणासोबत ग्रंथ, पृष्ठ आणि प्रकाशनवर्ष यांची नोंद ठेवणे आवश्यक असते. टिपणात मूळ लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवले नाहीत, तर काही महिन्यांनी ते कोणाचे आहेत हे ओळखणे कठीण होते आणि अजाणता वाङ्मयचौर्य घडू शकते.

पुनर्लेखनाच्या वेळी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तेवढे वाचून पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. केवळ त्या वाक्यांवरून युक्तिवाद सलग लागत नसेल, तर भाषा सुधारण्यापूर्वी परिच्छेदांचा क्रम बदलावा लागतो.

शोधनिबंधाची भाषा नेमकी आणि संयत असते. ‘खूप’, ‘प्रचंड’, ‘सर्वज्ञात आहे की’ यांसारख्या शब्दप्रयोगांच्या जागी आकडा किंवा संदर्भ दिला जातो. पुराव्याच्या बळानुसार ‘सिद्ध होते’, ‘सूचित होते’ आणि ‘शक्य आहे’ यांत भेद केला जातो. पारिभाषिक संज्ञा एकदा निश्चित केल्यावर शैलीसाठी तिचे पर्याय वापरत नाहीत, कारण वाचक त्यांना वेगळ्या संकल्पना समजण्याची शक्यता असते.

## संदर्भ देण्याच्या पद्धती

संदर्भ देण्याच्या प्रमुख पद्धती तीन प्रकारच्या आहेत. अमेरिकन मानसशास्त्रीय संघाच्या पद्धतीत मजकुरातच लेखकाचे आडनाव व वर्ष दिले जाते. सामाजिक शास्त्रांत ती रूढ आहे. वैद्यकशास्त्रात व्हँकुव्हर पद्धतीनुसार क्रमांक दिले जातात. या पद्धतीचा उगम १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे झालेल्या वैद्यकीय संपादकांच्या बैठकीत झाला. इतिहासलेखनात तळटिपांची पद्धत अधिक वापरतात, कारण अप्रकाशित कागदपत्रांचे तपशील मजकुराच्या ओघात मावत नाहीत. उदाहरणार्थ, पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराच्या कागदाचा संदर्भ देताना दप्तराचे नाव आणि रुमाल क्रमांक दिल्याशिवाय दुसऱ्या अभ्यासकाला तो कागद शोधता येत नाही. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी ती संपूर्ण निबंधात एकसारखी असावी लागते.

जे साधन प्रत्यक्ष पाहिलेले नाही, त्याचा संदर्भ ते पाहिल्यासारखा देणे अनुचित मानले जाते. अशा वेळी ज्या ग्रंथातून माहिती मिळाली त्याचा निर्देश करतात.

## परीक्षण आणि प्रकाशन

पत्रिकेकडे आलेला निबंध संपादक त्या विषयातील तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी पाठवतात. परीक्षक निबंध स्वीकारण्याची, दुरुस्त करण्याची किंवा नाकारण्याची शिफारस करतात. आज सार्वत्रिक वाटणारी ही पद्धत तुलनेने अलीकडची आहे; ‘नेचर’ने ती १९७३ मध्ये अनिवार्य केली. अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९३६ मध्ये नेथन रोझेन यांच्यासह लिहिलेला गुरुत्वीय लहरींवरील निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ने परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा नाराज होऊन त्यांनी तो मागे घेतला. त्या निबंधात खरोखरच त्रुटी होती. दुसऱ्या नियतकालिकात तो बदललेल्या निष्कर्षासह प्रसिद्ध झाला.

नकार मिळाला म्हणजे संशोधन निकृष्ट आहे असे मात्र ठरत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांचा प्रारणाच्या नियमाविषयीचा निबंध ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापला गेला नाही. बोस यांनी १९२४ मध्ये तो आइनस्टाइन यांच्याकडे पाठवला. आइनस्टाइन यांनी त्याचा जर्मन अनुवाद करून तो प्रसिद्ध करवला आणि त्यातून बोस-आइनस्टाइन सांख्यिकी उदयास आली.

लेखकाकडून शुल्क घेऊन कोणत्याही परीक्षणाविना निबंध छापणाऱ्या पत्रिकांना ‘भक्षक पत्रिका’ म्हणतात. काही दिवसांत प्रकाशनाची हमी, संपादक मंडळाची अस्पष्ट माहिती आणि परस्परांशी संबंध नसलेल्या सर्व विषयांचा एकाच अंकात समावेश, ही त्यांची सामान्य लक्षणे आहेत.

## संशोधन नीती

पुरावा बनावट असेल तर रचना कितीही निर्दोष असली तरी निबंध घातक ठरू शकतो. अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये १२ मुलांच्या निरीक्षणांवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. त्यातून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एकत्रित लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचवला गेला. ब्रिटनमध्ये त्यानंतर लसीकरणाचे प्रमाण घटले. मुलांच्या निवडीविषयीची विधाने खोटी असल्याचे आढळल्यावर २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. परंतु लसीविषयीचा संशय नंतरही टिकून राहिला.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यासाठी दंड नाही. प्रबंधात १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सुधारित मसुदा सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षापर्यंत सुधारित मसुदा सादर करण्यास मनाई होते आणि त्याहून अधिक साम्यासाठी नोंदणी रद्द होऊ शकते. योग्य श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची यांचा या मोजणीत समावेश होत नाही. साम्य मोजणारी संगणकप्रणाली केवळ शब्द जुळतात का हे पाहते. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून श्रेय न देता मांडणे हेही वाङ्मयचौर्यच आहे, मग प्रणालीने दाखवलेली टक्केवारी कितीही कमी असो.

निबंधावर लेखक म्हणून कोणाचे नाव असावे हाही नीतीचा प्रश्न आहे. संशोधनात प्रत्यक्ष बौद्धिक वाटा नसताना केवळ पद किंवा ओळख यांमुळे नाव घालणे, तसेच प्रत्यक्ष काम करणाऱ्या साहाय्यकाचे नाव वगळणे, हे दोन्ही गैरप्रकार समजले जातात.

## मराठीतील शोधनिबंध

मराठीत शोधनिबंधाची परंपरा प्रामुख्याने इतिहास, भाषा आणि साहित्य या क्षेत्रांत विकसित झाली. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वार्षिक इतिवृत्तांतून आणि त्रैमासिकातून मूळ कागदपत्रांवर आधारित निबंध प्रसिद्ध होत आले. मुंबईतील मराठी संशोधन मंडळाची ‘मराठी संशोधन पत्रिका’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ आणि तत्त्वज्ञानाला वाहिलेले ‘परामर्श’ ही मराठीतील अन्य महत्त्वाची नियतकालिके आहेत.

मराठीत लिहिताना परिभाषेचा प्रश्न विशेष जाणवतो. ‘हायपोथिसिस’ या एकाच संज्ञेसाठी गृहीतक, अभ्युपगम आणि परिकल्पना असे तीन शब्द प्रचलित आहेत. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. तरीही निबंधात स्वीकारलेली संज्ञा प्रथम वापरतानाच स्पष्ट करणे हिताचे ठरते. ऐतिहासिक निबंधांत शक आणि इसवी सन यांतील रूपांतरही नमूद करावे लागते. शक वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने दोन्हींतील अंतर बहुतेक महिन्यांत ७८ वर्षांचे, तर इसवी सनाच्या जानेवारीपासून शक वर्ष संपेपर्यंत ७९ वर्षांचे असते. मूळ तिथी न देता केवळ रूपांतरित वर्ष दिल्यास ही तफावत पुढील अभ्यासकाला तपासता येत नाही.